तारलीचे वाटे किती? छोटे मासे, त्यांच्यावर जगणारे आणि आपण

खाडीकाठची · रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. लांब लिहितेय, निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात गावी होते, मालवणजवळ. पहाटे साडेपाचला मामांनी उठवलं, म्हणाले चल, रापण लागलीय, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. लहानपणी ओढलेली, त्यानंतर वीसेक वर्षांनी परत दोराला हात लावला. दोन्ही टोकांची माणसं दोर ओढत ओढत एकमेकांच्या जवळ सरकत येतात, जाळ्याचा घेर कमी होत जातो आणि शेवटचा भाग उरला की पाणी आतून खदखदल्यासारखं दिसायला लागतं. तारली होती. सगळी एका मापाची, पाठ निळसर हिरवी, पोट चांदीसारखं, आणि हाताला इतके खवले चिकटतात की दुपारी जेवताना पण मनगटावर दोन-चार होतेच.

पण मी बघत राहिले ते जाळ्याबाहेर. वीस-पंचवीस हातांवर तीन गादे फिरत होते, म्हणजे आपले किनाऱ्यालगतचे कुबडवाले डॉल्फिन. पाठीवरचा उंचवटा वर यायचा, फुस्स करून श्वास, की परत खाली. जाळ्याच्या कडेने निसटणारी तारली ते टिपत होते. वर कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी नुसता कल्लोळ करत होते.

मग वाळूवर वाटे घालायला सुरुवात झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रापणीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि दोराला हात लावला त्या प्रत्येकाचा वाटा असतो. मला पण मिळाला, पंधरा-वीस तारल्या. मी सहज विचारलं, मामा, गाद्यांचा वाटा? तर मामा गंभीरपणे म्हणाले, "तेंचो वाटो तेनी घेतल्यानी. ते इले नसते तर मासो खंय आसा ता आमका कसा कळला असता?"

ते डोक्यातून जाईना म्हणून पुण्याला आल्यावर वाचत बसले. तारली, पेडवे, मांदेली असे थव्याने फिरणारे आणि प्लवकावर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) जगणारे जे छोटे मासे असतात त्यांना इंग्रजीत फोरेज फिश म्हणतात. मी आपलं 'चारा मासे' म्हणते. समुद्राची रचना डमरूसारखी समजा. खाली प्लवकाच्या असंख्य जाती, वर सुरमई, मोरी, डॉल्फिन, पक्षी अशा शिकाऱ्यांच्या भरपूर जाती, आणि मधली कंबर मात्र दोन-चार जातींच्या चारा माशांची. खालचं सगळं बळ वर जातं ते या बारीक कंबरेतून.

आणि मग एक पेपर वाचला, २०११ सालचा, सायन्स या नियतकालिकातला. फिलिप क्यूरी आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून जगातल्या ७ सागरी परिसंस्थांमधल्या १४ जातींच्या समुद्रपक्ष्यांची माहिती एकत्र केली. किती पिल्लं जगली आणि त्या वर्षी पाण्यात चारा मासे किती होते, एवढीच तुलना. निष्कर्ष असा निघाला की आजवर सगळ्यात जास्त मासा होता तेव्हाच्या साधारण एक तृतीयांशाच्या खाली तो गेला की पिल्लं जगणं घसरतं. आर्क्टिकपासून अंटार्क्टिकपर्यंत, पक्षी कुठलाही असो, आकडा साधारण तोच.

एक तृतीयांश. म्हणजे वाटाच की हो. मामा जे बोलले ते मोजता येतं हे बघून मला खरंच भरून आलं.

तर विचारायचं हे आहे की आपल्या किनाऱ्यावर या वाट्याचा कुणी हिशोब केलाय का? आपल्याकडे तारली मोजतात ती बंदरावर आल्यावर. पाण्यात उरली किती आणि ती कुणाकुणाला लागते, हे कोण मोजतं?

---

सागरतळ · रविवार, रात्री ११:०५

फार छान लिहिलंत. मी मत्स्यविज्ञानात काम करतो, किनारा आपलाच, पण बरीच वर्षं केरळात काढलीत. म्हणून तारलीपासूनच सुरू करतो.

आपली तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स, ऑइल सार्डिन. आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचं. वर्षाच्या आत १५-१६ सेंटिमीटरची होऊन अंड्यावर येते, अंडी घालते ती मुख्यतः पावसाळ्यात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला खालचं थंड, खताळ पाणी वर येतं, त्यात डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो आणि पिल्लं त्यावर पोसली जातात. १९५५ साली आपल्याच शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय की फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका हा डायटम ज्या वर्षी भरपूर, त्या वर्षी तारली भरपूर. म्हणजे सगळं गणित पावसाळ्याच्या त्या तीन-चार महिन्यांवर, आणि आयुष्य एवढंसं, त्यामुळे दोन वर्षं लागोपाठ बिघडली की मासा गायब.

तो गायब होतो म्हणजे किती, तर २०१२ साली एकट्या केरळात जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली साधारण ३ हजार ३०० टन. लाखांतून हजारांत, नऊ वर्षांत! त्यानंतर परत चढली, २०२२ साली लाखाच्या वर गेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे हे आकडे आहेत. कारणांवर २०१८ साली तिथल्याच शास्त्रज्ञांचा पेपर आला, त्यात दोन्ही गोष्टी आहेत. आधी भरमसाट पकडल्यामुळे अंडी घालणारे मासे कमी झाले आणि त्यावर २०१५ च्या एल निनोच्या गरम पाण्याने घाव घातला.

हे काही आजचं नाही. जेम्स हॉर्नेल मद्रास इलाख्यात मत्स्य खात्यात होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मलबारच्या तारलीच्या या चढउतारांवर लिहिलंय. तेव्हा तारलीचं तेल काढायचे आणि उरलेला चोथा खत म्हणून विकायचे.

आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे १९८५ च्या आधी जवळजवळ सगळी तारली केरळ-दक्षिण कर्नाटक पट्ट्यातच मिळायची. नंतर समुद्र तापायला लागला तशी ती उत्तरेला सरकत गेली. तेव्हा ताई, तुमच्या वाट्याला आलेल्या पंधरा-वीस तारल्यांमागे तापलेला समुद्र पण आहे.

पाण्यात उरलेली कोण मोजतं या प्रश्नावर उद्या लिहितो.

---

मिरकरवाडा_८७ · सोमवार, सकाळी ७:३०

मी रत्नागिरीचा, घरात पर्ससीन बोट आहे (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं), आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

प्रत्येक धाग्यावर शेवटी सगळं आमच्यावर येतं म्हणून आधीच लिहितो. २०१६ च्या ५ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने आम्हाला वर्षातले चार महिने दिले, सप्टेंबर ते डिसेंबर, परवाने ४९४ वरून २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचे असं ठरलं. पर्ससीनवरच्या सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा, त्यावरून हे झालं. चार महिन्यांत बोटीचं कर्ज, डिझेल, बर्फ, पंचवीस-तीस खलाशांचे पगार, आणि त्यात एखादं वर्ष मासाच लागला नाही तर घरात जे होतं ते मी बघितलंय. माझ्या वडिलांनी आईच्या पाटल्या दोनदा गहाण ठेवल्या.

मासा कमी होऊ नये असं आम्हालाही वाटतं, उद्या आमच्या मुलांनी काय करायचं? पण मला खरंच विचारायचंय, एक तृतीयांश ठेवा म्हणता, तो कुणी मोजला? मोजल्याशिवाय आम्ही थांबायचं, आणि परराज्यातल्या हायस्पीड बोटी रात्री येऊन उचलून नेणार, एलईडी दिव्यांनी मासा जमवून मारणारे मारणार. एलईडीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, पण समुद्रात लाइट दिसतात ते दिसतातच. आम्ही वाटा सोडला तर तो डॉल्फिनला मिळेल याची खात्री काय?

---

खाडीकाठची · सोमवार, सकाळी ८:१५

@मिरकरवाडा_८७ दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. तुमच्यावर बोट ठेवायला धागा काढलेला नाही. तुमचा शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे, आपण सोडलेला मासा शिकाऱ्याला पोचतो का.

---

आकडेमोड · सोमवार, दुपारी १:२०

मी सांख्यिकीचा माणूस. क्यूरींचा पेपर चांगलाच आहे, पण त्या विषयावर मोठा वाद झालाय तोही इथे यायला हवा.

२०१२ मध्ये लेनफेस्ट टास्क फोर्स म्हणून शास्त्रज्ञांच्या गटाचा अहवाल आला. जगातल्या सागरी मासेमारीत वजनाने ३७ टक्के चारा मासे, आणि त्यातले ९० टक्के माणसाच्या ताटात येतच नाहीत, फिशमील (माशांची भुकटी) आणि तेलासाठी जातात, कोंबड्या, डुकरं, शेतीतले मासे यांचा खुराक. पैशात बघितलं तर चारा मासे पकडून ५.६ अब्ज डॉलर मिळतात आणि ते पाण्यात राहून मोठ्या माशांना खाऊ घालतात त्याची किंमत ११.३ अब्ज, म्हणजे दुप्पट. म्हणून पकड निम्म्यावर आणा असं त्यांचं म्हणणं.

त्याला २०१७ मध्ये रे हिलबॉर्न आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. मुद्दे दोन. पहिला, चारा मासे मासेमारी नसतानाही प्रचंड वरखाली होतात. दुसरा, शिकारी बऱ्याचदा खातात ती बारकी पिल्लं, बोटी पकडतात ते मोठे मासे, मग दोघांचं भांडण एका ताटावरचं आहे असं सरसकट कसं म्हणणार? अमेरिकेतल्या बऱ्याच शिकारी जातींची संख्या त्यांनी चारा माशांच्या संख्येशी ताडून बघितली आणि फार थोड्या ठिकाणी पक्का संबंध दिसला.

पहिल्या मुद्द्याला जबरदस्त पुरावा आहे. कॅलिफोर्नियाजवळ सांता बार्बराच्या खोल समुद्रात तळाशी ऑक्सिजन इतका कमी की गाळ ढवळणारे किडेच नाहीत, वर्षावर्षाचे थर वहीच्या पानांसारखे शाबूत. त्यात माशांचे खवले पडून राहिलेत. ते थरागणिक मोजून १७०० वर्षांचा तारली आणि अँकोव्हीचा (मांदेलीच्या कुळातला छोटा मासा) इतिहास काढलाय! बोटी नव्हत्या, कारखाने नव्हते, तरी तारली येत होती आणि नाहीशी होत होती, दर साठेक वर्षांनी.

---

सागरतळ · सोमवार, रात्री १०:४०

आकडेमोड, मुद्दे बरोबर आहेत, पण त्याच्या पुढचंही आहे. २०१५ मध्ये टिम एसिंग्टन वगैरेंनी जगभरच्या चारा माशांचे साठे तपासले. कोसळणं नैसर्गिक असतं हे त्यांनाही मान्य आहे, पण कोसळण्याच्या आधीच्या वर्षांत मासेमारीचा दाब जास्त होता आणि पडझड सुरू झाल्यावरही तो लगेच कमी झाला नाही, म्हणून खड्डा जास्त खोल गेला असं त्यांनी दाखवलं. मासा कमी झाला तरी थवा करून राहतो ना, बोटीला तो सापडतोच, त्यामुळे आपल्याला कळतच नाही. शेवटचा थवा पण जाळ्यात भरपूरच दिसतो.

पेरू बघा. अँकोव्हेटा, म्हणजे तिथली अँकोव्ही, १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात पकड, जगात कुठल्याही एका माशाची नाही एवढी. १९७२ ला एल निनो आला, पुढच्या वर्षी २० लाखांच्याही आत. तिथले ग्वानो पक्षी, ज्यांच्या विष्ठेवर एकोणिसाव्या शतकात त्या देशाचा खजिना चालायचा, ते कोसळले. नामिबियात सार्डिन साठच्या दशकात सुमारे १४-१५ लाख टनांपर्यंत गेली आणि नंतर संपली ती संपली, परत आलीच नाही. तिथे आता जेलीफिश. २००६ साली छापलेल्या मोजणीत जेलीफिश १.२२ कोटी टन आणि मासे ३६ लाख टन निघाले. डमरूची कंबर मोडली की प्लवक कुणीतरी खातंच, पण तो खाणारा कुणाच्या पोटी फारसा जात नाही.

आता 'कोण मोजतं'. बंदरावरची मोजणी आपल्याकडे चांगली आहे, नमुना काढायची पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे. पाण्यातला मासा मोजायला ध्वनियंत्र लावलेलं जहाज लागतं, ते खर्चिक. आणि कोण कुणाला खातं हे कळायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे पोट फाडून बघणं. डॉल्फिन किनाऱ्याला मरून लागला तर त्याच्या पोटात माशांच्या कानातले खडे मिळतात, ओटोलिथ. मांस विरघळतं, खडा राहतो. प्रत्येक जातीचा खडा वेगळा. तारलीचा तर दोन-तीन मिलिमीटरचा, बोटाच्या टोकावर घेतला तर साखरेच्या दाण्यासारखा, पण भिंगाखाली ठेवला की होडीसारखा आकार आणि पुढे टोक. नवी पद्धत म्हणजे नायट्रोजनची. जड नायट्रोजनचं प्रमाण खाणाऱ्याच्या अंगात दर पायरीला हजारी तीन-चारने वाढत जातं, म्हणजे कातडीच्या नखाएवढ्या तुकड्यावरून कळतं की हा प्राणी साखळीत कितव्या पायरीवर जेवतो. या सगळ्या माहितीवरून कर्नाटक किनाऱ्याचं इकोपाथ मॉडेल (कोण कुणाला किती खातं याचा संगणकावरचा हिशोब) कोचीच्या संस्थेने केलेलं आहे. महाराष्ट्राचं मात्र अजून पुष्कळ करायचं बाकी आहे.

---

वसईची_मावशी · मंगळवार, सकाळी ११:५०

तुम्ही सगळे तारलीचंच बोलताय, आमच्या उत्तरेला चारा म्हणजे जवळा आणि मांदेली! आमच्याकडे डोल लावतात, पिशवीसारखं जाळं, त्यात बोंबील. मी चाळीस वर्षं बोंबील साफ करतेय, पोटात काय असतं ते मला विचारा. दहातल्या सहांत तरी जवळा, लालसर चिखल झालेला असतो. कधी अख्खी मांदेली, सोनेरी रंग तसाच. आणि बऱ्याचदा छोटा बोंबील. होय, बोंबील बोंबलाला खातो, तोंड बघा त्याचं, जबडा मागपर्यंत फाकतो आणि दात आतल्या बाजूला वळलेले, गेलेलं परत येत नाही.

आता पोटं रिकामी जास्त निघतात. हे मी कुठे लिहून ठेवलं नाही पण हात सांगतो. आणि बोंबील पण बारीक. बारीक बोंबील विकत घेऊ नये असं मी आमच्या सुनेला सांगते, तर ती म्हणते स्वस्त मिळाले. २०२३ मध्ये सरकारने ५४ जातींची कमीत कमी मापं ठरवून दिलीत, याच्यापेक्षा छोटा मासा पकडायचा नाही. बाजारात टोपलीसमोर बसल्यावर पट्टी कोण लावतं? गिऱ्हाइकानेच बघायला पाहिजे.

---

टेबलखालचा_समुद्र · मंगळवार, दुपारी ४:०५

नमस्कार, केपटाऊनहून लिहितोय, नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. आत्ता तुम्ही लिहिताय तोच प्रश्न इथे कोर्टात गेला होता म्हणून सांगतो.

इथले आफ्रिकन पेंग्विन सार्डिन आणि अँकोव्हीवर जगतात. दोन्ही मासे पर्ससीन बोटी पण पकडतात. २०२४ च्या ऑक्टोबरात हा पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत गेला, १० हजारांपेक्षा कमी जोड्या उरल्यात. पेंग्विनचं वाईट म्हणजे त्याला उडता येत नाही, पिल्लं असताना बेटाभोवती वीस-तीस किलोमीटरमध्ये मासा असला तरच. आणि वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम झडतात, तेव्हा जवळजवळ तीन आठवडे पाण्यात जाता येत नाही, उपाशी उभा. मी सायमन्स टाउनला बोल्डर्स बीचवर बघितलंय, वाऱ्यात पाठ करून उभे असतात, अंगावर फाटक्या उशीसारखी पिसं, डोळे अर्धे मिटलेले. त्याआधी पोटभर खाऊन चरबी साठली नसेल तर तो उभ्या उभ्या मरतो.

२००८ पासून इथे प्रयोग झाला, काही बेटांभोवती आळीपाळीने मासेमारी बंद ठेवून बघितलं. सेंट क्रॉय बेटाभोवती बंद केल्यावर पेंग्विनना मासा शोधायला जावं लागणारं अंतर कमी झालं. पण फरक किती मोठा आणि मच्छीमारांच्या नुकसानीच्या मानाने तो पुरेसा का, यावर शास्त्रज्ञांचे दोन गट पंधरा वर्षं भांडले. शेवटी पक्षीप्रेमी संस्था कोर्टात गेल्या, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मच्छीमार उद्योग, सरकार आणि त्या संस्था यांच्यात तडजोड झाली. सहा वसाहतींभोवती दहा वर्षं सार्डिन-अँकोव्हीची मासेमारी बंद.

मिरकरवाड्याच्या दादांना सांगायचं ते हे की सगळा समुद्र बंद नाही केला. पिल्लं जिथे वाढतात तेवढा तुकडा.

अजून एक राहिलं. इथल्या गॅनेट पक्ष्यांना सार्डिन मिळेना तेव्हा ते ट्रॉलरच्या मागे फेकलेला हेक माशाचा टाकाऊ भाग खायला लागले. पोट भरायचं, पण पिल्लं नीट वाढत नव्हती. सार्डिनची चरबी त्यात नाही. २००८ चा पेपर आहे, त्याला जंक फूड म्हटलंय.

---

खाडीकाठची · मंगळवार, रात्री ९:१०

केपटाऊनच्या दादांनी लिहिलेलं चरबीचं वाचलं आणि मला आमच्या घरची गोष्ट आठवली. आजी तारली तव्यावर टाकताना तेल जवळजवळ घालायचीच नाही, म्हणायची आत्ताची तारली, तिचं तिलाच तेल सुटतं. आणि तीच आजी उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात तारली असली तरी घ्यायची नाही, आता त्यात काय नाय म्हणायची. पावसाळ्यात डायटम खाऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात तारली चरबीने भरते. म्हणजे सुरमईला, गाद्यांना पण मोजून अमुक किलो एवढ्यावर भागत नाही, कुठल्या महिन्याची हे पण आलं. वाट्याचं वजन सारखं असून चालत नाही.

---

रेवदंडा_रोड · मंगळवार, रात्री ९:३३

वाचतोय, लिहिण्यासारखं काही नाही, पण कृपया थांबू नका.

---

दांडीचा_दादा · बुधवार, पहाटे ५:५०

मी मालवणचाच, गिलनेट घालतो, पाण्यात उभं सोडायचं जाळं. गाद्यांबद्दल सगळे प्रेमाने लिहितायत, मला पण प्रेम आहे, पण जाळी फाडतात ते कुणी लिहिलं नाही. जाळ्यात अडकलेला मासा ओढून खातात, त्यात जाळ्याला हातभर भोकं. एक जाळं शिवायला दोन दिवस जातात, नवं घ्यायचं तर हजारोंचा खर्च. कोकण सिटेशियन रिसर्च टीमची मुलं-मुली आमच्याकडे यायची, फोटो काढून पाठीवरच्या पराच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखायची, आणि आमच्याशी तासनतास बोलायची, कुठे दिसतो, काय खातो, जाळं किती फाडतो. आम्ही सांगितलेलं त्यांनी लिहून घेतलं, माहिती म्हणून. ते मला फार आवडलं. तोपर्यंत आम्हाला कुणी विचारलेलं नव्हतं.

माझा अनुभव असा, बांगडा-तारली बाहेर भरपूर असते तेव्हा गादो जाळ्याकडे फारसा येत नाही. मासा कमी झाला की येतो. त्याला पण पोट आहे.

२०१८ पासून जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. एकदा कासव सोडलं होतं, मला मिळाली. पण गाद्याने फाडलेल्या जाळ्याला काही नाही.

आणि केंड, तो फुगणारा मासा! त्याच्याबद्दल पण कोणीतरी लिहा. झुंडीने येतो, जाळं चावून चावून चाळण करतो, विकला जात नाही, विषारी.

---

सागरतळ · बुधवार, रात्री ८:५५

दांडीचा दादा, तुमच्या केंडाची गोष्ट या धाग्याचीच आहे, फक्त उलट्या बाजूने. केंड इतके वाढले कसे यावर कोचीच्या शास्त्रज्ञांनी २०१३ च्या सुमारास काम केलं. कर्नाटक-केरळात पण तेच झालं होतं. त्यांना मोडसो, म्हणजे कोबिया, याच्या पोटात केंड सापडायचे. केंडाला खाणारे फार कमी, मोडसो हा त्यातला मोठा. तर मोडसो बेसुमार पकडला गेला, केंडावरचा लगाम गेला, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणजे कंबर मोडली तर वरचे उपाशी, आणि वरचे काढले तर खालून भलतंच काहीतरी फोफावतं आणि येऊन तुमचं जाळं फाडतं. आपण या सगळ्याला मासा-मासा वेगळा करून बघतो, परवाना पण तसाच, भाव पण तसाच.

आणि तुम्ही म्हणालात ना, मासा कमी झाला की गादो जाळ्याकडे येतो. हे वाक्य कृपया तारखेसकट लिहून ठेवत जा. हिलबॉर्न आणि क्यूरी ज्यावर भांडतायत तेच ते आहे, शिकाऱ्याला चारा कमी पडला की तो काय करतो. तुम्हाला ते रोज सकाळी दिसतं.

---

आकडेमोड · बुधवार, रात्री ९:४०

मनापासून सांगतो, दांडीच्या दादांची पोस्ट वाचून मी माझं मत थोडं बदललं. हिलबॉर्नच्या पेपरमध्ये शिकाऱ्यांची संख्या ताडून बघितलीय. पण डॉल्फिन तीस-चाळीस वर्षं जगतो, दोन वाईट वर्षांत त्याची संख्या हलणार नाही. तो आधी वागणं बदलेल, लांब जाईल, जाळ्याजवळ येईल, पिल्लू उशिरा होईल. संख्या सगळ्यात शेवटी पडते. नुसती संख्या बघत बसलो तर आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

हे लिहून ठेवायचं काम आपण करायचं का? मी तक्ता करून देतो. तारीख, बंदर, मासा, लांबी, पोटात काय, तारली असेल तर तिची लांबी. लांबी महत्त्वाची, बोट पकडते त्याच मापाची तारली सुरमई खाते का बारकी, हा अर्धा वाद तिथे सुटतो. निदान आपल्या किनाऱ्यापुरता.

---

मिरकरवाडा_८७ · गुरुवार, सकाळी ६:२५

आमच्या बोटीवर रोज दोन-चार सुरमई येतात. मी बघतो. खलाशांना पण सांगतो. आकडे खरे देईन, आमच्या विरोधात गेले तरी.

---

वसईची_मावशी · गुरुवार, सकाळी १०:१०

मला तक्ता भरता येत नाही पण फोटो पाठवीन, नातू टाईप करेल. बोंबलाचं माझ्याकडे.

---

खाडीकाठची · गुरुवार, दुपारी २:००

मामांना फोन करून सगळा धागा वाचून दाखवला. पेंग्विन उपाशी उभा राहतो ते ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, रापणीत गादे कधी आले कधी नाही ते मी कॅलेंडरवर खूण करतो, तिथीबरोबर. चतुर्थीला आले होते तीन, त्यानंतर नाहीत.

---

मिरकरवाडा_८७ · शुक्रवार, संध्याकाळी ७:४८

पहिली नोंद. सुरमई दोन. मोठी ७१ सेंटिमीटर, पोटात चार तारल्या, तीन ओळखू येतात, १४, १५ आणि साडेपंधरा सेंटिमीटर. चौथी अर्धी विरघळलेली, फक्त मागचा भाग. लहान सुरमई ४८ सेंटिमीटर, पोटात एक बारका बांगडा आणि बोटाएवढं माकूल (स्क्विड). आमच्या जाळ्यात आज तारली होती तीही मोजली, वीस नग, १४ ते १६.

म्हणजे एकाच मापाची. उद्या परत बघतो.